‘स.का.’ची बाटली

१

शुक्रवारी दुपारी साडेबाराला माझ्या फ्रिजमधून एक बाटली गेल्याचं कळलं आणि बारा पस्तीसला मी चोर पकडला. पोलिसांनासुद्धा इतकं झटपट जमलं नसतं. पुढचे दोन दिवस मी स्वतःवर भलताच खूश होतो. त्याच दोन दिवसांची मला अजून लाज वाटते, आणि ती लपवून लपवून कंटाळलो म्हणून आता सांगायला बसलोय.

मी भगीरथ विशे. मुरबाडच्या बाजारपेठेमागे माझा आयुर्वेदाचा दवाखाना आहे आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. दोन्हींच्या मधल्या बोळात फ्रिज. त्यात वरच्या फळीवर बायकोची दुधाची पातेली, खालच्या फळीवर माझे काढे.

गोष्ट १९९८च्या एप्रिलमधली. गेलेली बाटली माझी नव्हती, कुणाली वेखंडेची होती. ही मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करायची. कॉलेजचा फ्रिज जानेवारीत बंद पडला, तेव्हा ती माझ्याकडे एक कोपरा मागायला आली. मी कोपरा दिला, वर तपकिरी काचेच्या रिकाम्या बाटल्याही दिल्या. तिचा अर्क उजेडानं बिघडायचा आणि मी काढ्यासाठी तसल्या बाटल्या डझनानं आणायचो.

अर्क समुद्रकाकडीचा होता. नाव ऐकून मी विचारलं होतं, "कोशिंबीर होते का हिची?"

"काकडी नाही डॉक्टर, प्राणी आहे," कुणाली हसून म्हणाली. "समुद्राच्या तळाशी सरपटतो. कोणी हल्ला केला तर आपली आतडी बाहेर टाकतो आणि मागाहून नवी उगवून आणतो."

"आणि औषध कशावर?"

"अजून कशावरच नाही. त्याच्या अंगात सॅपोनिन असतं, आपल्या रिठ्यात असतं त्या जातीचं. पाण्यात हलवलं की फेस येतो, माशांना भोवळ येते. नायट्याच्या बुरशीवर ते किती चालतं ते मी बघतेय. परदेशात लोक कॅन्सरच्या गाठींच्या पेशींवरही तपासतायत. पण बशीतली बुरशी मरणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं."

मी पंधरा वर्षं माणसं बरी करत होतो, त्यामुळे तिची ही नम्रता मला जरा जास्तच वाटली. दक्षिणेच्या किनाऱ्यावरून वाळवलेल्या समुद्रकाकड्या मागवून सात महिने खपून तिनं तीन बाटल्या अर्क काढला होता. दोन संपल्या होत्या. तिसरी गेली.

त्या शुक्रवारी तिनं फ्रिज उघडला, वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून तशीच उभी राहिली. डबा रिकामा होता. मग तिनं खालच्या फळीवरची एकुलती बाटली घेतली, बूच काढून हुंगली.

"अडुळसा. ही तुमची."

"माझीच. कोणीतरी न्यायला आलं नाही वाटतं," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते दोन दिवस विसरलो होतो.

२

बाकावर जीपवाला महिपत बसला होता. तो सिद्धगडाखालून सवारी घेऊन आला होता आणि गप्पा मारत होता. "आज डोहात मासं पालथं पडलेत," तो म्हणाला. "आगिवल्यांच्या वाडीखाली. पोरी टोपल्या भरून नेतायत."

माशांना भोवळ येते. माझ्या डोक्यात घंटा वाजली. कुणालीची बाटली रोज कॉलेजातून आणायचं न्यायचं काम बुधू आगिवलेकडे होतं आणि बुधू त्याच वाडीतला. प्रयोगशाळेत रोजंदारीवर असलेला हा तिशीचा माणूस प्रौढ साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकला होता. कुणालीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या तोच चिकटवायचा. ती सांगायची, हा एकेक अक्षर कोरून लिहायचा.

तेवढ्यात तो आलाच, नेहमीसारखा बाटली न्यायला.

"बाटली कुठाय, बुधू?"

"फ्रिजात, डॉक्टर. काल सांजेला डब्यात ठेवली, झाकण लावलं."

"आणि मासे कशानं मेले?"

तो महिपतकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. त्याला प्रश्नच कळला नव्हता. मला तो चेहरा चोराचा वाटला.

माझ्या टेबलावर सकाळीच लिहून ठेवलेला एक कागद होता. सोमवारी अकरा वाजता वाडीजवळच्या आश्रमशाळेत कामाठीच्या, म्हणजे वरकाम करणाऱ्याच्या, कायम जागेसाठी बुधूची मुलाखत होती. दोन वर्षांनी निघालेली एक जागा. तिला गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा वर्तणुकीचा दाखला लागत होता, आणि प्रतिष्ठित म्हणजे मी. तो दाखला मी उचलला आणि बाकावरच्या पाच-सहा पेशंटांसमोर फाडला. चार तुकडे केले.

"चोराला दाखला देत नसतो मी."

बुधूनं खाली वाकून ते तुकडे गोळा केले आणि खिशात घातले. कुणाली म्हणाली, "डॉक्टर, थांबा जरा, विचारू या नीट." पण तिला दोनच्या गाडीनं मुंबईला गाईडकडे जायचं होतं आणि बाटली गेल्याचं तिथे सांगायचं होतं. तिचे डोळे भरले होते. ती गेली.

माझी बायको सुंदरा आतल्या दारात उभी होती. तिला त्या अर्काच्या वासाचा मनस्वी तिटकारा. "डॉक्टर," ती म्हणाली. लोकांसमोर ती मला डॉक्टरच म्हणते. "मी काय म्हणत होते..."

"तू दूध बघ," मी ओरडलो.

ती आत गेली आणि मी पोलीस पाटलांना निरोप धाडला.

३

शनिवारी सकाळी महिपतची जीप घेऊन मी, पोलीस पाटील आणि गावातली दोन माणसं वाडीत गेलो. बुधूनं अडवलं नाही. "बघा," एवढंच म्हणाला. त्याची बायको बुधी खोकत बाहेर आली. घरात धान्याची कणगी, चूल, आणि एक पत्र्याची पेटी. पेटी मीच अंगणात ओढून आणली.

वाडीतली पन्नासेक माणसं जमली होती. मी एकेक वस्तू काढून जमिनीवर टाकत गेलो. लुगडं. पोलकं. फणी. एक आरसा, कडेनं फुटलेला. लग्नाच्या मुंडावळ्या. बुधूचं साक्षरतेचं प्रमाणपत्र. जुन्या कापडात गुंडाळलेली लहान बाळाची दोन झबली. त्या घरात लहान मूल नव्हतं. हे मला दिसलं, कळलंही, आणि तरी मी थांबलो नाही.

झबल्यांखाली तपकिरी बाटली होती.

मी ती उंच धरली. चष्मा मला तीन वर्षांपूर्वीच लागला होता, पण वैद्याला चष्मा शोभत नाही म्हणून तो टेबलाच्या खणात असायचा. तरी दोन अक्षरं मला वाचता आली. कागदाच्या पट्टीवर लिहिलं होतं: ‘स.का.’

"समुद्रकाकडी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "रिकामी. धुऊन ठेवली आहे."

"ती तुमचीच बाटली हाय, डॉक्टर," बुधू म्हणाला. "बुधीच्या खोकल्याची. गेल्या पावसातली."

"माझी कशी? वाच की काय लिहिलंय ते. वर्गात शिकलास ना?"

मागं कोणीतरी हसलं. बुधूची मान खाली गेली. बुधी मात्र माझ्याकडे बघत राहिली. पोलीस पाटील म्हणाले, सोमवारी दुपारी तक्रार लिहून घेऊ. बाटली पुरावा म्हणून मी झोळीत टाकली आणि त्या वस्तू तशाच मातीत टाकून आम्ही परत फिरलो.

मुरबाडला उतरलो तर माझ्या दवाखान्याच्या पायरीवर कुंडलिक घुडे बसला होता, हातात कोरी पोस्टकार्डं घेऊन.

४

कुंडलिक म्हणजे तीस वर्षं मुरबाड पोस्टात काढून निवृत्त झालेला पोस्टमन. कुणाली त्याच्याच माडीवर भाड्यानं राहायची. अर्धवट पत्ता लिहिलेलं पत्र कोणाचं हे ओळखण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. तिनं जाताना त्याला सगळं सांगितलं होतं.

"चोर सापडलाय भाऊ," मी म्हणालो आणि बाटली पुढे केली. "आता कसला तपास?"

त्यानं बाटली उलटसुलट केली, पट्टी उन्हात धरून पाहिली आणि परत दिली. "सापडला तर बरंच झालं. माझं एक काम कर. या कार्डावर लिही, गेलेल्या बाटलीवर काय लिहिलं होतं. बाकी काय सांगायचं असेल तर तेही लिही. सगळ्यांकडून घेणाराय."

"हे काय खूळ?"

"तोंडावर बोलायला लोक बिचकतात रे. तुझ्या तोंडावर तर फारच."

मी हसत हसत लिहिलं: ‘स.का., म्हणजे समुद्रकाकडी.’ त्यानं कार्ड खिशात घातलं आणि फ्रिज बघायला मागितला. खालच्या फळीवरची बाटली बघून म्हणाला, "ही कोणाची?"

"कोणीतरी आलं नाही न्यायला."

"कोण?"

"असेल कोणीतरी. पेशंट काय एक आहे?"

चहा पिता पिता त्यानं मला एक जुनी हकिकत सांगितली. एकदा पत्र आलं होतं, ‘धाकलू, म. वाडी, ता. मुरबाड.’ "पाठवणाऱ्याला वाटलं, जगात म. वाडी एकच. मला तीन ठाऊक होत्या. मधली वाडी, मोहाची वाडी, मठाची वाडी. आणि तिन्हींकडे एकेक धाकलू. तिसऱ्या दिवशी खरा धाकलू सापडला, पण तोवर दोघांनी दुसऱ्याचं पत्र उघडून वाचलं होतं. त्यांचीही चूक नव्हती. प्रत्येकाला आपलीच वाडी दिसली."

मी म्हटलं, छान आहे हकिकत. मला त्यात माझं काहीच दिसलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं प्रणय देसलेकडे गेलो. हा रसायनशास्त्राचा मास्तर. त्यानं कुणालीकडे थोडा अर्क मागितला होता आणि तिनं नाही म्हटलं होतं. शुक्रवारी तो डोकेदुखीची पुडी न्यायला माझ्याकडे आला होता, हे मला तेव्हा आठवलं. त्यानं कार्ड घेतलं आणि बराच वेळ लिहिलं. लिहून झाल्यावर ते पालथं घालून कुंडलिकच्या हातात दिलं. माझ्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

५

रविवारी सकाळी कुंडलिक पुन्हा येऊन माझ्या बाकावर बसला. काढ्याचा दिवस होता. माझ्याकडचा नियम सगळ्यांना पाठ असतो: रिकामी बाटली आणा, भरलेली न्या. धसईचा पंढरी आला, रिकामी देऊन भरलेली घेऊन गेला. टोकावड्याचा कमळूही तसाच. मग शेणव्याहून बारकीबाईची नात दिपिका आली, हात हलवत.

"बाटली गो?"

"आजी बोलली, मागून देईन. तिला बरं वाटतंय."

"बघितलंस भाऊ?" मी कुंडलिकला म्हणालो. "शुक्रवारी बाटली नेली, दोन दिवसांत गुण." दिपिकाला जरा दम देऊन मी नवी बाटली दिली. ती जीप पकडायला पळाली.

कुंडलिकनं दार लोटून घेतलं आणि टेबलावर पाच कार्डं मांडली, त्यात माझंही एक.

"चष्मा काढ खणातला."

त्याच्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्यानं काढला.

पहिलं कार्ड कुणालीचं: ‘स.का. ३.’ दुसरं बुधूचं. कुंडलिक काल दुपारी वाडीत जाऊन आला होता. अक्षरं मोठी, कोरीव: ‘स.का. ३.’ खाली त्यानं लिहिलं होतं, ‘आमी मासं गेळफळानं मारतो. दर साली याच टायमाला. डाक्टरला ठाव हाय.’

मला ठाऊक होतं. गेळ म्हणजे आमचं मदनफळ. वांतीसाठी मी ते स्वतः वापरतो आणि आणतो त्याच वाडीतून. डोहाच्या पाण्यात पाटीभर गेळफळ कुटून टाकावं लागतं. तळहाताएवढ्या बाटलीतल्या अर्कानं तिथला एक मासाही हलला नसता. हे मला शुक्रवारीच कळायला हवं होतं. माझ्या धंद्यातलीच गोष्ट होती ती.

"आता ही पेटीतली बाटली वाच," कुंडलिक म्हणाला.

‘स.का.’ एवढंच. तीनचा आकडा नव्हता. आणि ‘क’ची शेपटी खाली वळवून परत वर नेलेली. तालुक्यात तसा ‘क’ एकच माणूस काढतो.

"हे तुझं अक्षर. आता सांग, तुझ्या काढ्याच्या बाटल्यांवर तू काय लिहितोस?"

उत्तर सगळ्या कपाटभर चिकटवलेलं होतं. सकाळचा काढा तो ‘स.का.’, रात्रीचा तो ‘रा.का.’ पंधरा वर्षं तेच लिहीत होतो. पेशंटचं नाव मी कधी घालत नाही, कारण मला माझे पेशंट तोंडानं ओळखू येतात असा माझा डौल होता. कुणालीनं दोन अक्षरं लिहायला सांगितली तेव्हा तिला समुद्रकाकडी दिसली. मी रोज लिहायचो तेव्हा मला काढा दिसायचा. आणि बुधूच्या पेटीतून माझाच काढा निघाला तेव्हा मला समुद्रकाकडी दिसली, कारण मला चोर बघायचा होता.

"म्हणजे बुधीची बाटली खरंच..."

"गेल्या पावसातली. पण ते झालं अर्धं. बाटली गेली कुठे?" त्यानं प्रणयचं कार्ड पुढे सरकवलं. ‘शुक्रवारी दहा वाजता मी डबा उघडला होता. दोन थेंब घ्यायचा विचार होता. डबा तेव्हाच रिकामा होता. सांगायची लाज वाटली.’

"दहाच्या आत गेली. आता हे वाच."

पाचवं कार्ड सुंदराचं होतं. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं मला लिहिलेलं पहिलं पत्र, तेही दुसऱ्याच्या नावानं. ‘शुक्रवारी सकाळी डब्याला घाण वास आला म्हणून मी तो घासायला काढला. बाटली खालच्या फळीवर ठेवली, त्यांच्या काढ्यांच्या रांगेत. डबा वाळवून जागेवर ठेवला, बाटली आत घालायची राहिली. सांगायला गेले तर ओरडले.’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती.

"शुक्रवारसाठी किती काढे केले होतेस?" कुंडलिकनं विचारलं.

"तीन. पंढरी, कमळू, बारकीबाई."

"किती जण आले?"

मी बोटं मोजली. तिघंही आले होते. तिघांच्याही हातात मी स्वतः बाटल्या दिल्या होत्या, चष्म्याशिवाय. आणि तरी फ्रिजमध्ये एक काढा उरला होता. न्यायला कोणी आलं नाही असं मी कुणालीला सांगितलं, कुंडलिकला सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर दोन दिवस उभी होती ती बाटली.

"सगळे गेलेली बाटली शोधत होते," कुंडलिक म्हणाला. "उरलेली कोणी विचारलीच नाही. पंढरीची आणि कमळूची रिकामी परत आली. आली नाही ती एकच."

मी जीप शोधायला उठलो. बारकीबाई सत्तरीची होती. बशीतली बुरशी मारणारं पाणी मी तिला सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितलं होतं. आणि तिला बरं वाटतंय म्हणून आत्ताच छाती फुगवली होती.

६

सरळगाव, किन्हवली करत महिपतनं जीप शेणव्याला नेली. मुंबईहून सकाळीच परतलेली कुणाली शेजारी बसली होती. "बुधूला मीसुद्धा एकदा विचारलं नाही," ती म्हणाली. "माझी बाटली गेली एवढंच मला दिसत होतं."

बारकीबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला बघताच तिचा चेहरा उतरला आणि तिनं पदर सावरला. माझी ती दहशत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

"बारकीबाई, काढा प्यायलात?"

"प्याले की. बरं वाटतंय, डॉक्टर."

"खरं सांगा. मी ओरडणार नाही."

ती दिपिकाकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "नाय प्याले. तोंडाशी नेली तं सुकटीचा वास आला. गळ्यात माळ हाय माझ्या. हलवली तं रिठ्यावानी फेस आला. मी बोलले, डॉक्टरांनी काय घातलंय कोण जाणे."

"मग सांगितलं का नाही?"

"मागल्या टायमाला तुमी बोललाव, नाय पीत तं पायरी चढू नको. आता या वयात आमी दुसरीकडं कुठं जावं? म्हून बोलले, बरं वाटतंय."

तिनं देवामागून बाटली काढून दिली. बूच घट्ट, अर्क गळ्यापर्यंत. ‘स.का. ३’, बुधूच्या कोरीव अक्षरात. "फेकणार होते," ती म्हणाली, "पर तुमची बाटली परत द्यावी लागते ना."

कुणालीनं बाटली दोन्ही हातांत घेतली. तिची सात महिन्यांची मेहनत वाचली होती आणि बारकीबाई वाचली होती. माझी सुटका मात्र झाली नव्हती. कुंडलिकनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "मुलाखत उद्या अकराला."

७

सोमवारी मी पहिल्या जीपनं वाडीत गेलो. एकटाच. झोळीत नवा दाखला होता आणि पेटीतली रिकामी बाटली.

अंगणात पेटी उघडीच होती. शनिवारी मी ज्या जागी ज्या वस्तू टाकल्या होत्या त्या त्याच जागी होत्या. वर बांबूची डालगी पालथी घातली होती, कोंबड्यांनी विस्कटू नये म्हणून. बुधू दारात बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. मुलाखतीला तो दाखल्याशिवायच जाणार होता.

"बाटली सापडली, बुधू. चूक माझी होती. तू चोरी केली नव्हतीस." हे मी वाटेत दहादा घोळवलं होतं. तोंडातून निघालं तेव्हा फार लहान वाटलं.

बुधूनं मान हलवली. बोलली ती बुधी. "मी हात नाय लावला त्याला," ती डालग्यांकडे बोट करून म्हणाली. "ज्यानं काढलं त्यानं भरावं."

माणसं जमायला लागली होती. शनिवारची तीच. मी जमिनीवर बसलो आणि एकेक डालगं उचललं. लुगडं झटकलं, घडी घातली. मला लुगड्याची घडी येत नव्हती, दोनदा चुकली. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पोलकं, फणी, आरसा, मुंडावळ्या. प्रमाणपत्रावरची माती मी धोतरानं पुसली. झबली उचलली तेव्हा बुधी पुढे आली आणि तेवढी तिनं माझ्या हातातून काढून घेतली. ती तिनं स्वतः ठेवली. शेवटी मी ती बाटली झबल्यांच्या बाजूला ठेवली आणि झाकण लावलं. तोवर माझे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हते.

मग मी दाखला दिला. बुधूनं तो ओळीवर बोट ठेवत वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘प्रामाणिक’ हा शब्द त्याला एका दमात आला नाही, म्हणून दोनदा वाचला. खाली सहीपाशी तो थांबला.

"हे ‘भ.वि.’ कोन?"

"मी. माझी सही."

"पुरं नाव लिवा, डॉक्टर. परत कोनी दुसरंच वाचंल."

मी पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. जीपनं शाळेपर्यंत सोडतो म्हटलं. तो नाय म्हणाला आणि पायवाटेनं चालायला लागला.

जागा त्याला मिळाली. कुणालीनं पुढं पीएच.डी. पुरी केली आणि आभारांच्या पानावर पहिलं नाव बुधू आगिवलेचं घातलं, पूर्ण. प्रणयनं आपणहून तिची माफी मागितली असं मी ऐकलं. दोन-तीन वर्षांनी कायद्यानं समुद्रकाकडीला वाघाच्या पंक्तीला बसवलं, आता तिला कोणी हात लावू शकत नाही. मी बाटल्यांवर पेशंटचं नाव आणि ‘सकाळचा काढा’ असं पुरतं लिहितो, चष्मा लावून.

बुधू माझ्या दवाखान्यात पुन्हा आला नाही. बुधीचा खोकला पावसात उठतोच, पण ती औषधाला शहापूरला जाते, दोन गाड्या बदलून.

त्या सोमवारनंतर आठवड्यानं महिपतनं माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत ती तपकिरी बाटली होती, राखेनं घासून लख्ख केलेली. माझी पट्टी सोलून काढलेली. तिच्या जागी नवी पट्टी होती, मोठ्या कोरीव अक्षरांत: ‘ही बाटली डॉक्टर भगीरथ विशे यांची आहे. परत केली.’

ती मी कपाटात समोरच ठेवली आहे. सुंदरा कधीतरी विचारते, हिच्यात काढा भरू का. मी नको म्हणतो.